निशातगंजच्या जोडमालकिणी

सासरे गेले त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाई मिरजेचं बिऱ्हाड आवरून लखनौला आमच्याकडे राहायला आल्या. येताना त्यांनी दोन ट्रंका, पाटा-वरवंटा आणि गुंडाळी केलेला भारताचा एक भलामोठा नकाशा आणला. हिंदी तेवढं आणलं नव्हतं. मिरजेला मुलींच्या शाळेत त्यांनी उभी नोकरी भूगोल शिकवण्यात काढली होती. गंगेच्या मैदानाची माती, तिथला पाऊस, तिथली पिकं, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण त्याच मैदानातल्या भाजीवाल्याशी दोन वाक्यं बोलायची म्हटली की त्या माझ्याकडे बघायच्या.

मी इथल्या एका वनस्पती संशोधन संस्थेत काम करते. नवरा विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. आम्ही दोघं सकाळी बाहेर पडलो की मुलगी शाळेतून येईपर्यंत क्वार्टरमध्ये सासूबाई एकट्या. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. आजी विचारायची, "जेवलीस का गं?" आणि नात म्हणायची, "हाँ आजी, खा लिया." हिंदी शिकल्याशिवाय गत्यंतर नाही हे सासूबाईंनी ओळखलं आणि रोजचं हिंदी वर्तमानपत्र हाती घेतलं. बातम्या अवघड वाटायच्या, म्हणून सुरुवात केली ती मागच्या पानांवरच्या छोट्या जाहिरातींपासून. त्यातल्या निम्म्याहून जास्त जाहिराती जमीनजुमल्याच्या होत्या.

त्यामुळे त्यांचं पहिलंवहिलं हिंदी घडलं ते 'पार्क फेसिंग', 'कॉर्नर का प्लॉट', 'सुनहरा अवसर' आणि 'तत्काल कब्जा' असलं. एकदा मी रजेवर घरी होते, तर दारात त्या भाजीवाल्याला विचारत होत्या, "भैया, ये गोभी सुनहरा अवसर है क्या?" तो गंभीरपणे म्हणाला, "बिल्कुल माताजी, बस दो ही बचे हैं." मग दोघंही एकदम हसले. त्यानंतर त्याची गाडी आमच्या दारात जरा जास्तच वेळ थांबू लागली.

कुठल्या भागात काय भाव, मेट्रो कुठवर पोचली, कुठे पोचणार, हे त्या मला संध्याकाळच्या चहाला सांगू लागल्या. आणि एका संध्याकाळी कपबशी खाली ठेवून म्हणाल्या, "मला एक घर घ्यायचंय."

मला वाटलं, त्यांना आमच्याकडे करमत नाही. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "अगं, राहायला नव्हे. भाड्यानं द्यायला. माझे थोडे पडून आहेत, तुझेही असतील. दोघी मिळून घेऊ. वडिलांचं घर दादाच्या नावावर होतं, मिरजेचं ह्यांच्या. माझं नाव आजवर कुठल्या भिंतीला लागलेलं नाही."

खरं सांगायचं तर मलाही ते मनातून हवं होतं. आमच्या कँटीनमध्ये दुपारी दुसरा विषयच नसायचा. कुणी गावाबाहेर प्लॉट घेतलेला, कुणी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट नोंदवलेला. मी डबा खात ऐकायची. रोपांच्या रोगांवर तासभर बोलू शकणारी मी, पण हे आपल्याला कळायचं नाही, असं स्वतःच ठरवून बसले होते.

नवऱ्याने मात्र नाक मुरडलं. त्याचा सगळा विश्वास मुदत ठेवीवर. "आई, घरात जोखीम असते," तो म्हणाला.

"पोरातही असते," सासूबाई म्हणाल्या. "तरी तुला जन्माला घातलंच ना?"

बाईच्या नावावर घर घेतलं तर इथे स्टँपमध्ये सवलत मिळते, तेव्हा घ्यायचंच तर तुमच्या दोघींच्या नावावर घ्या, एवढं सांगून तो मोकळा झाला. त्याला वाटलं असणार, चार रविवार फिरतील आणि दमतील.

पहिल्याच रविवारी एक प्रॉपर्टी डीलर आम्हाला त्याच्या पांढऱ्या गाडीतून घेऊन गेला. आलमबाग मागे पडलं, विमानतळ मागे पडला, वस्ती विरळ झाली आणि मोहरीच्या पिवळ्या शेतांमधून एकदम एक अवाढव्य कमान वर आली. तिच्यावर सिमेंटचे दोन सिंह. कमानीच्या आत काहीच नव्हतं. रिकाम्या जमिनीवर चुन्याच्या रेघा आणि वाऱ्यावर फडफडणारी निशाणं.

"इधर क्लब हाउस आएगा," डीलर हात पसरून दाखवत होता, "और इधर स्विमिंग पूल."

त्याने दाखवलं तिथे डबक्यात एक म्हैस निवांत बसली होती. सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "पूल तर सुरू पण झालाय."

"माताजी, एयरपोर्ट यहाँ से दस मिनट," तो म्हणाला.

"कुणाला? विमानाला?" त्या मला म्हणाल्या. मी हसू दाबलं, पण खरं तर मी तोवर पुरती भारावले होते. समोर कोवळं ऊन, मोहरीचा वास, आणि ही एवढी जमीन माझी होऊ शकते ही कल्पना! दोनच प्लॉट उरलेत, आज बयाना दिला तर उद्याचा भाव लागणार नाही, असं तो सांगत होता. बयाना म्हणजे आपल्याकडचा विसार. माझा हात पर्समध्ये चेकबुकापर्यंत पोचलासुद्धा होता.

सासूबाई मात्र निऱ्या वर खोचून पलीकडच्या बाभळीच्या झुडपाशी जाऊन उभ्या होत्या. त्यांनी मला हाक मारली. झुडपाच्या काट्यांत वाळलेलं गवत आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकल्या होत्या, सगळ्या एकाच पातळीवर, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीला.

"हे वाऱ्यानं आणलेलं नाही," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं आणलं असतं तर वरखाली अडकलं असतं. हे पाण्यानं आणलंय. पावसाळ्यात इथं गुडघाभर पाणी असतं." मग डीलरकडे वळून त्यांनी विचारलं, "भैया, पानी किधर जाता है?"

"माताजी, यहाँ पानी का पूरा इंतज़ाम है!"

"वो तो दिखता है," सासूबाई म्हणाल्या.

जाहिरातीतून न उचललेली, त्यांची स्वतःची अशी ती पहिली हिंदी कोपरखळी. डीलरलाही हसू आवरेना. परतताना त्यानेच गाडी थांबवून आम्हाला समोसे खिलवले आणि सासूबाईंना म्हणाला, "आप हमारे यहाँ काम कर लीजिए."

दुसऱ्या रविवारी आम्ही एका नव्या उंच इमारतीचा नमुना फ्लॅट पाहायला गेलो. आत सगळं दृष्ट लागण्यासारखं. मोठाल्या खोल्या, मंद दिवे, पलंगावर रेशमी उशा. "आई, किती प्रशस्त आहे ना!" मी म्हणाले. सासूबाई पलंगापाशी गेल्या. चपला काढून सरळ पलंगावर आडव्या झाल्या. त्यांची उंची बेताचीच, तरी दोन्ही पावलं पलंगाबाहेर.

"पलंगच तोकडा आहे गं," त्या झोपल्या झोपल्या म्हणाल्या. "म्हणून खोली मोठी दिसतेय."

फ्लॅट दाखवणारी मुलगी लाजली, मग तोंडावर फाइल धरून हसू लागली. ताबा कधी मिळेल असं विचारल्यावर तिने जे साल सांगितलं, ते ऐकून सासूबाई उठून बसल्या. "बेटी, तब तक मैं ही शिफ्ट हो जाऊंगी," त्या म्हणाल्या आणि बोट वर आभाळाकडे केलं. त्या मुलीने आम्हाला गेटपर्यंत पोचवलं आणि निघताना सासूबाईंच्या पाया पडली.

नवऱ्याला वाटलं असणार तशा आम्ही दमलो नाही. उलट रविवारची वाट बघू लागलो. आजवर आम्ही सासू-सून एकमेकींशी जपून, मोजकं बोलणाऱ्या. रस्त्यावर मात्र आम्ही मैत्रिणी झालो. घर बघून झालं की कुठेतरी टिक्की खायची, पायऱ्यांवर बसून त्या घराची उणीदुणी काढायची आणि घरी येऊन नवऱ्याला साभिनय सांगायची. घर दाखवणारा जे दाखवतो ते बघायचं नाही, हे आम्ही शिकलो. दुपारी जायचं, नळ सोडून बघायचा, आणि जिन्यात भेटेल त्या बाईशी बोलायचं.

आणि मग जे घर मिळालं ते बघायला आम्ही गेलोच नव्हतो. निशातगंजच्या बाजारात कुकरची रबरी रिंग घ्यायला गेलो होतो. मी दुकानात असताना सासूबाई बाहेर उभ्या होत्या. आतूनच मला त्यांची हाक ऐकू आली. समोरच्या गल्लीत लेस-बटणांचं एक दुकान होतं आणि त्याच्यावरच्या मजल्याच्या गॅलरीला खडूने लिहिलेली पाटी टांगली होती: 'बिकाऊ है. दलाल न आएँ.'

"आपण दलाल नाही," सासूबाई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

दार उघडलं ते सासूबाईंच्याच वयाच्या एका बाईंनी. पांढऱ्या केसांची घट्ट वेणी आणि आवाज असा स्वच्छ, खणखणीत, की "आइए" एवढं म्हणाल्या तरी कुणीतरी महत्त्वाची घोषणा केल्यासारखं वाटावं. ते खरंच होतं. त्या चारबाग स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायच्या. रेकॉर्ड केलेले आवाज येण्याआधीच्या काळात सुरू केलेली नोकरी. आता निवृत्त झाल्या होत्या आणि मुलाकडे बेंगळुरूला जायचं ठरलं होतं.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे गॅलरी, वर आणखी एक बिऱ्हाड आणि त्याच्याही वर सामायिक गच्ची. घर जुनं पण ठाकठीक. मी भिंतींचा रंग बघत होते. सासूबाई मात्र खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, "बहनजी, इस घर में आपको क्या अच्छा नहीं लगता?"

इतक्या दिवसांत आम्ही हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता, आणि दुसऱ्या कुणी त्याचं खरं उत्तर दिलंही नसतं. बाई थोडा विचार करून म्हणाल्या, "बाजार का शोर बहुत है. बंदर आते हैं, गच्चीवर काही वाळत घालता येत नाही. पीछे वाले कमरे में जाड़े भर धूप नहीं आती. और ऊपर वाली बहू ऊखल में मसाला कूटती है, तो लगता है सिर पर कूट रही है." मग म्हणाल्या, "बाकी मैं यहाँ बहुत खुश रही."

त्यांचं हिंदी माझ्या आठवणीत असं अर्धंमुर्धं मराठी होऊनच राहिलंय. सासूबाईंनी मात्र तेव्हा शब्द न् शब्द समजून घेतला. उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "हेच घ्यायचं. जिनं एवढे दोष सांगितले, तिच्या घरात लपवलेलं काही नसणार."

तरीही वकिलाला कागद दाखवले. बैनामा म्हणजे खरेदीखत, दाखिल-खारिज म्हणजे फेरफार, असं सासूबाईंनी एकेका शब्दाचं मराठी करून घेतलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. रजिस्ट्रीच्या दिवशी ऑफिसात ही गर्दी! फोटो काढून झाले, बोटांचे ठसे झाले. खिडकीतल्या माणसाने दोन खरेदीदारांची नावं बघून विचारलं, "माँ-बेटी हैं?"

"सास-बहू," मी म्हणाले.

त्याने चष्मा वर केला. मागच्या रांगेतली चार डोकी आमच्याकडे वळली. "सास-बहू? एक ही मकान में, बराबर का हिस्सा?" एक वकील म्हणाले, "अभी तक तो हमारे पास सास-बहू बँटवारे के लिए ही आई हैं." सगळी रांग हसली. सासूबाई अशा ताठ उभ्या होत्या की जणू बक्षीस घ्यायला व्यासपीठावर बोलावलंय. खिडकीतल्या माणसाने त्यांच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं आणि 'सेवानिवृत्त अध्यापिका' लिहून घेतलं. मगच सही केली, सगळी अक्षरं सुटी, वळणदार, फळ्यावर लिहावं तशी.

तिथून बाई आणि आम्ही दोघी किल्ल्या घ्यायला निशातगंजच्या घरी आलो. सामान आधीच गेलं होतं. रिकाम्या खोल्यांत आमच्या पावलांचे आवाज घुमत होते. बाई एकेका भिंतीवरून हात फिरवत होत्या. त्यांना रडू येईल असं मला वाटलं. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "बहनजी, एक बार वो गाड़ी वाला बोलिए ना. मेरे गाँव का."

"कौन सा गाँव?"

"मिरज."

बाई हसल्या. म्हणाल्या, एवढ्या वर्षांत मिरज हे नाव माझ्या तोंडून कधी गेलं नाही. मग खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या, घसा साफ केला आणि त्या रिकाम्या घरात त्यांचा आवाज भरून राहिला: "यात्रीगण कृपया ध्यान दें. लखनऊ से चलकर, झाँसी, भोपाल, पुणे के रास्ते, मिरज को जाने वाली गाड़ी प्लेटफ़ॉर्म नंबर एक पर आ रही है."

खाली बाजारातला एक हमाल मान वर करून बघू लागला. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा टाळ्या वाजवल्या. "अशी गाडी असती तर मी रोज गेले असते," त्या म्हणाल्या. दोघी गळ्यात पडल्या आणि हसत हसत रडल्या. रडायचं ते एवढंच झालं.

मालकीणपणाची नवलाई आठवडाभर टिकली. मग खालच्या लेस-बटणवाल्यांचा फोन आला. त्यांच्या छताला ओल आली होती आणि थेंब थेट रेशमी रिबनींच्या गठ्ठ्यावर पडत होते. मी प्रयोगशाळेतून धावत गेले. प्लंबर म्हणाला, न्हाणीची सगळी फरशी उखडावी लागेल. लपवलेलं काही नसणार, असं सासूबाई म्हणाल्या होत्या ना! जरा रागातच मी बेंगळुरूला व्हिडिओ कॉल लावला. बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्या निघाल्या तेव्हा छत कोरडं होतं. पण त्या गडबडल्या नाहीत. "फ़ोन नीचे कीजिए," त्या म्हणाल्या. "और बाएँ. और. वो जो एक टाइल का रंग अलग है, वहीं. मैंने एक बार वहीं से खुलवाया था." प्लंबरने ती एकच फरशी उचलली. खाली पाइपचा सांधा सुटलेला होता. संध्याकाळपर्यंत काम झालं. बाकीची न्हाणी शाबूत राहिली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. फोन ठेवताना बाई म्हणाल्या, "असुविधा के लिए खेद है." ते ऐकून प्लंबरसुद्धा हसला.

खालच्या दुकानदारांच्या रिबनी सासूबाईंनी घरी आणून वाळवून, इस्त्री करून परत दिल्या. त्यावर ते इतके खूश झाले की त्यांनीच एक प्रस्ताव मांडला. दोन्ही खोल्या गोदामासाठी मला द्या. भाडं बाजारापेक्षा जास्त देतो, रंगरंगोटीची कटकट नाही, नळाची नाही, वर्षानुवर्षं बघायला नको.

मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं. नवराही म्हणाला, "हे पहिलं शहाणपणाचं बोलणं ऐकतोय."

"मी नाही देणार," सासूबाई म्हणाल्या. "गॅलरीत सकाळचं ऊन येतं तिथं बटणांची खोकी? घरात कुणीतरी जेवलं पाहिजे, भांडलं पाहिजे, अभ्यास केला पाहिजे."

"आई, आपण गुंतवणूक म्हणून घेतलंय ना?"

"मग मी कुठं फुकट देऊ म्हणतेय?"

हिस्सा निम्मा-निम्मा, तेव्हा मतंही एकास एक. नवऱ्याने मत द्यायला तोंड उघडलं, तर त्याला सांगण्यात आलं की कागदावर त्याचं नाव नाही. दोन आठवडे घर रिकामं राहिलं आणि आम्ही दोघी एकमेकींशी अगदी गोड, पण जेवढ्यास तेवढं बोलत राहिलो.

मग एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. "ये लवकर. दोन मुली आल्यात." त्या रोज जाऊन घर झाडून यायच्या, तशा त्या दिवशीही गेल्या होत्या.

मी पोचले तेव्हा दोन मुली गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. एक बहराइचची, एक हरदोईची. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला लखनौत आलेल्या. सकाळपासून सहा-सात ठिकाणी फिरल्या होत्या. कुणी म्हणालं लड़कियों को नहीं देते, कुणी म्हणालं माँ-बाप साथ रहें तो देंगे. सासूबाईंची मुलाखत मात्र वेगळीच चालली होती.

"बहराइच में कौन सी नदी?"

"सरयू, दादी."

"आगे जाकर?"

"घाघरा में मिलती है."

"घर मिल गया," सासूबाई म्हणाल्या.

"आई, माझं मत?" मी मराठीत म्हणाले.

"तू तर गोदामवाली."

मी मुलींकडे पाहिलं. हरदोईची मुलगी खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून हाताने मोजत होती, इथे टेबल मावेल का, पुस्तकं कुठे ठेवता येतील. लग्नाआधी मी संशोधनासाठी या शहरात एकटी आले होते. चारबागला उतरले तेव्हा हातात एक बॅग आणि ओळखीतल्या एकाचा पत्ता, आणि तीन घरमालकांनी मला दारातूनच परत पाठवलं होतं. चौथ्या घरच्या काकूंनी आधी पाणी दिलं आणि मग नाव विचारलं. त्या काकूंची मला कित्येक वर्षांत आठवण झाली नव्हती. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि दोन पेले भरून आणले.

"टेबल खिड़की के पास रखना," मी त्यांना म्हणाले. "वहाँ रोशनी अच्छी आती है."

सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला लाजायला झालं. खालच्या दुकानदारांना आम्ही दोघींनीच जाऊन नाही सांगितलं. त्यांनी थोडं तोंड वाकडं केलं, पण पडद्यांना लावा म्हणून मुलींसाठी लेस पाठवून दिली.

पहिलं भाडं आलं तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. खिशात फोन थरथरला. मी हातमोजे काढून बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले आणि तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. पगार तर दर महिन्याला येतो. पण हे वेगळंच होतं. झाडाला पहिलं फळ धरल्यासारखं. कँटीनमध्ये मी सगळ्यांना जिलबी खिलवली आणि त्या दिवशी प्लॉटच्या गप्पांत पहिल्यांदा मीही बोलले. घरी नवऱ्याने कागद-पेन घेऊन सगळा हिशेब मांडला आणि जाहीर केलं की मुदत ठेवीत याहून थोडे जास्त मिळाले असते.

"असतील," सासूबाई म्हणाल्या. "पण मुदत ठेवीच्या गॅलरीत बसून ऊन खाता येतं का?"

भाडं फोनवर यायचं, तरी पहिल्या तारखेला त्या स्वतः जायच्याच. मग पंधरवड्याला जाऊ लागल्या, मग दर गुरुवारी. ई-रिक्षात बसायच्या, बरोबर डब्यात थालीपीठ. एका गुरुवारी ट्रंकेतला नकाशाही घेऊन गेल्या आणि तो मागच्या अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर लागला. मी एकदा वेळेआधी न्यायला गेले, तर आत वर्ग भरला होता. दोन्ही मुली, शेजारच्या घरातल्या आणखी तिघी, आणि वरची मसाला कुटणारी सूनसुद्धा पोर मांडीवर घेऊन बसलेली. सासूबाई पट्टीने दाखवत होत्या, "ये देखो, पश्चिमी घाट. बादल यहाँ आके रुकता है, टकराता है, और फिर?" सगळ्या एका सुरात ओरडल्या, "बरसता है!" मी दारातच उभी राहिले. मिरजेहून आल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

या हिवाळ्यात बहराइचच्या मुलीचा निकाल लागला. ती पास झाली. तिचे वडील, गावातल्या शाळेतले मास्तर, नव्या गुळाची ढेप आणि घरचं तूप घेऊन आले. गच्चीवर दुपारी जेवण झालं. पुऱ्या वरच्या सुनेने तळल्या, भाजी हरदोईच्या मुलीने केली, बासुंदी मी. माकडं येऊ नयेत म्हणून माझा नवरा, विद्यापीठातला प्राध्यापक, हातात काठी घेऊन कठड्यापाशी उभा होता आणि ते काम त्याला मनापासून आवडलेलं दिसत होतं. मास्तरांनी पहिलं पान सासूबाईंसमोर ठेवलं. "आपने मेरी बेटी को पढ़ाया," ते म्हणाले.

"नहीं मास्टरजी, मैंने सिर्फ़ किराया लिया," सासूबाई म्हणाल्या. त्यावर मुली त्यांच्या गळ्यातच पडल्या.

हरदोईच्या मुलीचं यंदा झालं नाही. ती हसत होती, वाढत होती, पण मध्येच गप्प व्हायची. जेवणं झाल्यावर सासूबाईंनी तिला शेजारी बसवलं आणि गुळाचा मोठा खडा तिच्या हातावर ठेवला. ती म्हणाली, "दादी, मैं अगले साल फिर दूँगी. कमरा रहेगा ना?"

"रहेगा," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

ऊन गच्चीच्या पूर्वेच्या कडेपर्यंत सरकलं होतं. खालून बाजाराचा गलबला वर येत होता. मास्तर माझ्या नवऱ्याला नव्या गुळाची पारख समजावून सांगत होते. गूळ खाऊन झाल्यावर त्या मुलीने बोटं चाटली, खाली जाऊन वही घेऊन आली आणि उन्हात पाय पसरून वाचायला बसली.